एकाच प्लेअरवर चालणारी डिस्क

बदलापूरच्या त्या घरफोडीचा विषय निघाला की आमच्या घरात अजून हसू फुटतं. नोकरीच्या काळात मी खुनाचे तपास केले, दरोड्यातले आरोपी परराज्यातून धरून आणले. ती प्रकरणं आता तुकड्यातुकड्यांनी आठवतात. ही साधी घरफोडी मात्र पहिल्या तक्रारीपासून शेवटपर्यंत जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. कुणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून त्याच भागात राहतात आणि आता सुखात आहेत.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. घरोघरी डीव्हीडी प्लेअर आले होते आणि चोरांनाही तो माल आवडायला लागला होता. वजनाला हलका, पिशवीत मावणारा आणि दुसऱ्या दिवशी विकला जाणारा. आमच्याकडे दर आठवड्याला अशी एखादी तक्रार यायचीच.

एका सकाळी शिरगावातून पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई आल्या. सोबत त्यांचे पती होते. बाईंना सगळे काकू म्हणत, म्हणून आम्हीही काकूच म्हणू लागलो. काका आनंदनगरच्या एमआयडीसीत फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. गळ्याला पांढरा स्वच्छ रुमाल बांधलेला, चेहरा हसरा. आमच्या हवालदारांनी त्यांना नाव विचारलं, तर ते नुसते ओठ हलवून काकूंकडे पाहू लागले.

"यांना बोलता येत नाही साहेब," काकू म्हणाल्या. "घशाचं ऑपरेशन झालंय. आवाजाची पेटीच काढली. मी सांगते सगळं."

आदल्या दिवशी दोघं तपासणीसाठी मुंबईच्या इस्पितळात गेले होते. दुपारी परतले तर दाराचा कोयंडा उचकटलेला. इस्त्री, काकांचं मनगटी घड्याळ, एक प्रेशर कुकर आणि डीव्हीडी प्लेअर गेला होता. मी गुन्हा नोंदवून घेतला, कलम चारशे चोपन्न आणि तीनशे ऐंशी, आणि पंचनाम्यासाठी माणसं पाठवली. इतपत सगळं नेहमीचं होतं.

नेहमीचं नव्हतं ते त्यानंतरचं. दुसऱ्या दिवशी काकू हजर. "साहेब, प्लेअरचं काही कळलं का?" तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घड्याळाचं नाव नाही, इस्त्रीचं नाही.

"काकू, नवा प्लेअर घेतलात तरी फार खर्च नाही हो," हवालदार एकदा म्हणाले.

"नवा नको. तोच पाहिजे."

"त्यात काय सोनं आहे का?"

काकूंनी पिशवी उचलली. काकांनी मात्र हवालदारांकडे नीट पाहून घेतलं, आणि दोघं गेटबाहेर पडताना मी खिडकीतून पाहिलं, तर काका हवालदारांची हुबेहूब नक्कल करत चालले होते. पट्टा वर ओढायचा, मान तिरकी करायची, दोन बोटांनी मिशी सारखी करायची. एक शब्द न बोलता त्यांनी आमचे हवालदार रस्त्यावर उभे केले. गेटवरचा पहारेकरी तोंड फिरवून हसत होता.

मला मजा वाटली, पण मनात शंकाही आली. साध्या प्लेअरसाठी एवढा हट्ट का? फिर्यादी काही लपवतोय असं वाटलं की पोलिसाचं लक्ष आपोआप तिकडे जातं. मी ठरवलं की दोनचार दिवस थांबून बघू.

पुढच्या आठवड्यात खबर आली. आमचा एक खबरी उल्हासनगरच्या कॅम्पात चहाची टपरी चालवायचा. समोर जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाची दुकानं. तो मला भेटायला आला तोच हसत.

"साहेब, इतकी वर्षं झाली, चोरीचा माल विकायला येणारे खूप पाहिले. विकलेला माल परत मागायला आलेला पहिल्यांदाच पाहिला."

"म्हणजे?"

"एक पोरगा आहे, अंबरनाथचा. पंचविशीचा असेल. केबलची वायर ओढायची कामं करतो. मागच्या आठवड्यात एक प्लेअर विकून गेला. काल परत आला आणि शेठला म्हणतो, माझा प्लेअर दे, तुझे पैसे घे. शेठ म्हणतो, कौनसा तेरा प्लेअर, मैं तेरेको पहचानता नहीं. जाम भांडले. शेठने दुसरा देतो म्हणून सांगितलं, चांगल्या कंपनीचा. तर हा म्हणतो, नको. वोहीच चाहिये."

आता मी कान टवकारले. ज्याच्या घरून गेला त्यालाही तोच हवा, ज्याने नेला असावा त्यालाही तोच हवा, आणि वस्तू म्हणावी तर बाजारातली सगळ्यात स्वस्त. प्लेअरच्या पत्र्याखाली काहीतरी दडवलेलं असणार, याची मला जवळजवळ खात्री झाली. हवालदार तर म्हणाले, "साहेब, कागदपत्रं असतील, नाहीतर खरंच सोनं."

मी काका-काकूंना बोलावून घेतलं, दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं.

"काकू, खरं सांगा. त्या प्लेअरमध्ये काय आहे?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली.

"यांचा आवाज आहे साहेब," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. काका त्यांच्या वसाहतीतले नकलाकार होते. जयंतीचा कार्यक्रम बुद्धविहाराच्या अंगणात व्हायचा, त्यात रात्रीची भाषणं संपली की लोक काकांच्या नकलांसाठी बसून राहायचे. कारखान्यातला फोरमन, भाजी मंडईतली आजी, उल्हासनगरचा कापडवाला, अशा कितीतरी नकला. ऑपरेशनच्या आदल्या वर्षी काकूंच्या भाच्याने तो कार्यक्रम हँडीकॅमवर घेतला आणि घरच्या कॉम्प्युटरवर त्याच्या दोन डिस्क बनवून दिल्या. पुढे त्याच कॅसेटवर त्याने मुलाचा वाढदिवस घेतला. कॉम्प्युटरही बिघडला, तेव्हा त्यातलं सगळं पुसून नव्याने भरला. काकांचा आवाज उरला तो फक्त त्या दोन डिस्कमध्ये.

"आणि त्या डिस्क दुसऱ्या कुठे चालतच नाहीत साहेब. शेजारी लावली, 'बॅड डिस्क' येतं. अंबरनाथला माझ्या बहिणीच्या प्लेअरवर 'नो डिस्क'. कॅफेतल्या कॉम्प्युटरात घातली तर नुसती घरघर फिरते. आमच्याच प्लेअरवर चालते. आम्ही म्हणायचो, चालतेय ना, कॉपी काढू कधीतरी. मग हे ऑपरेशन आलं आणि राहिलं."

"एक डिस्क आत होती?"

"आतच होती. आदल्या संध्याकाळी बघितली होती आम्ही. दुसरी कपाटात आहे, पण तिचा काय उपयोग?"

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? लोक हसतील. म्हणतील, नवऱ्याचा आवाज चोरीला गेला म्हणून पोलिसात आली."

काका हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, फक्त खांदे हलत होते. काकूंचे डोळे मात्र भरले होते, आणि ते त्या पदराने नव्हे तर तळहाताने, रागारागाने पुसत होत्या.

मी दुसरी डिस्क मागून घेतली. म्हटलं, आधी खात्री करू. संध्याकाळी घरी आमच्या प्लेअरमध्ये घातली. आमचा प्लेअर चांगल्या कंपनीचा, माझ्या मेहुण्याने भेट दिलेला. पडद्यावर 'लोडिंग' आलं, तिथेच थांबलं आणि मग 'बॅड डिस्क'. मी डिस्क काढून मऊ कापडाने पुसू लागलो.

"अहो, गोल गोल नका पुसू," बायको म्हणाली. "मधून बाहेर सरळ पुसा. गोल पुसलं की चरे तिथेच पडतात."

तिच्या भावाच्या लग्नाची डिस्क अशीच अडायची, त्यामुळे तिला या बाबतीत बराच अनुभव होता. आम्ही डिस्क नीट पुसली. छोटा ब्रश असलेली लेन्स साफ करायची डिस्क असते, ती फिरवली. पुन्हा लावली. तेच उत्तर. डिस्कच्या वरच्या बाजूला भाच्याने काकांच्या फोटोचं गोल कागदी लेबल चिकटवलं होतं आणि त्याला एका कडेला फुगा आला होता. मी नख लावणार तोच बायकोने हात धरला.

"सोलू नका. कागदाबरोबर खालचा चंदेरी थर निघून येतो. मग काहीच राहणार नाही."

फुग्यावरून तिने बोट हलकेच दाबून फिरवलं. प्लेअर थोडा जास्त वेळ फिरला एवढाच फरक पडला.

दुसऱ्या दिवशी ती डिस्क मी आमच्या पंचनाम्यांचं शूटिंग करणाऱ्या फोटोग्राफरला दाखवली. तो लग्नांच्या डिस्क बनवायचा. त्यानेही आपल्या कॉम्प्युटरात घालून पाहिली आणि मान हलवली.

"साहेब, हलकी डिस्क, त्यात घाईघाईने लिहिलेली. वेग जास्त ठेवला की अक्षर वाईट येतं तसं हे. आणि शेवटी डिस्क बंद करायची असते, तशी केली नाही. पुढे अजून काही टाकू म्हणून उघडीच ठेवली असेल. महागडे प्लेअर असली डिस्क आत घ्यायलाच तयार होत नाहीत. स्वस्तातले काही घेतात, पण कुठला घेईल सांगता येत नाही."

"मग आवाज बाहेर काढायचा कसा?"

"तो प्लेअर आणा. एकदा तिथे चालली की मी त्याच्या मागच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी माझ्या मशीनला जोडतो आणि पडद्यावर दिसेल तसं उतरवून घेतो. मग पाहिजे तितक्या कॉप्या."

म्हणजे प्लेअर मिळाला तर सगळं होतं, नाही मिळाला तर काहीच नव्हतं. आणि तो दुकानातून कुणा गिऱ्हाइकाच्या हाती गेला असता तर शोधायचा कुठे? त्याच दुपारी दोन पंच आणि काकूंना घेऊन आम्ही उल्हासनगरच्या दुकानावर गेलो.

दुकानदार साठीचा सिंधी गृहस्थ होता, बोलायला गोड.

"आओ साईं, बैठो. चहा घेणार? माझं सगळं सेकंडचं माल आहे, पण एक नंबर. चोरीचं काय नाय."

"प्लेअर दाखवा."

त्याने मागचा पडदा सारला. फळीवर एकावर एक चंदेरी प्लेअर रचलेले. त्यात आम्हाला हव्या त्या बनावटीचे अर्धा डझन तरी असावेत, सगळे एका साच्यातले. मागची नंबराची पट्टी सगळ्यांचीच खरवडलेली. काकूंना दाखवले तर त्या गोंधळल्या.

"सगळे सारखेच दिसतात हो. आमच्यावर मी विणलेला रुमाल टाकलेला असायचा."

रुमाल अर्थातच नव्हता. आम्ही ते सगळे प्लेअर पंचनामा करून ताब्यात घेतले आणि दुकानदाराला चौकशीसाठी बोलावलं. तिकडे हवालदार अंबरनाथहून त्या तरुणाला घेऊन आले.

सडपातळ, बोलका तरुण. त्याच्यावर पूर्वीचा एक किरकोळ चोरीचा गुन्हा होता. असे लोक चौकशीत दोन प्रकारचे असतात. काही दगडासारखे गप्प बसतात, काही इतकं बोलतात की आपल्याला प्रश्न विचारायला फट सापडत नाही. हा दुसऱ्या प्रकारातला.

"साहेब, आईशप्पथ, मी त्या दिवशी इथे नव्हतोच. बारवी धरणाजवळ माझी मावशी राहते, तिच्याकडे गेलो होतो. भाताची लावणी चालू होती. पूछ लो."

आम्ही मावशीकडे माणूस पाठवला. मावशी म्हणाली, "हा, व्हता ना. जेवून गेला." कुठल्या दिवशी, असं विचारल्यावर म्हणाली, "तुमी सांगता त्याच दिशी." भाच्यावर माया असलेल्या मावशीची साक्ष अशीच असते. खोटी म्हणता येत नाही आणि उपयोगाचीही नसते.

"दुकानात भांडायला का गेला होतास?"

"भांडण नाय साहेब, भाव करत होतो. आईसाठी एक प्लेअर घ्यायचा होता. ती दिवसभर घरात एकटी असते, बोअर होते."

"मग शेठ चांगल्या कंपनीचा देत होता, तो का नाही घेतलास?"

इथे तो पहिल्यांदा अडखळला. "रंग पसंत नव्हता," म्हणाला.

दुकानदार म्हणे, मी याला ओळखत नाही. हा म्हणे, मी शेठला ओळखत नाही. दोघं एकाच बाकावर शेजारी बसून हे सांगत होते. माझ्या हातात खबऱ्याचा शब्द होता, जो कागदावर आणता येत नाही, आणि एकसारख्या दिसणाऱ्या प्लेअरचा ढीग. हात उगारून कबुली काढण्यावर माझा कधी विश्वास नव्हता. मार चुकवण्यासाठी माणूस काहीही कबूल करतो आणि कोर्टात तितक्याच सहज फिरतो.

तेव्हा सुचलं की प्लेअर आपण ओळखू शकत नसलो तर डिस्कला ओळखू द्यावं. विश्रांती कक्षातला टीव्ही आम्ही ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आणला. पंचांना बसवलं. काका-काकूंना बोलावलं. दुकानदार आणि तो तरुण बाकावर. ड्युटी संपलेले शिपाईही काहीतरी निमित्त काढून दाराशी रेंगाळले.

पहिला प्लेअर जोडला, डिस्क घातली. 'नो डिस्क'. दुसरा. 'बॅड डिस्क'. तिसऱ्याने डिस्क आत घेतली आणि परत बाहेर ढकलली. प्रत्येक वेळी काकू हातातली पिशवी घट्ट धरत आणि सोडत. काका मात्र प्रत्येक प्लेअर जोडला जात असताना त्याला हात जोडून नमस्कार करत होते. पंचांनाही हसू आवरेना.

दुकानदार म्हणाला, "साईं, डिस्कच खराब है. प्लेअरचं काय चूक?"

पुढचा प्लेअर जोडला. पडदा निळा झाला. 'लोडिंग'. आतून करकर आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मी दुसरा प्लेअर आणायला सांगणार, इतक्यात पडद्यावर दिव्यांची माळ दिसली, मग स्टेज, मग माईकसमोर उभे काका. आणि खर्जातला, खणखणीत, जरा खोडकर आवाज आमच्या ठाण्यात घुमला.

"मंडळी, आता ऐका, आमच्या नाम्याची शेळी हरवली आणि तो गेला चौकीत."

काकू खाली बसल्या. खुर्ची मागेच राहिली, त्या सरळ फरशीवर बसल्या आणि टीव्हीकडे बघत राहिल्या. डिस्क बंद करावी असं माझ्या मनात आलं, कारण प्लेअर सापडला होता, पण कुणाचीच इच्छा दिसेना. पडद्यावरचे काका एकदा हवालदाराच्या आवाजात बोलत, एकदा नाम्याच्या.

"शेळीचं संपूर्ण नाव?"

"चिंगी, साहेब."

"बापाचं नाव?"

"बोकड."

"गायब झाली तेव्हा अंगावर काय होतं?"

"केस होते."

शिपाई खो खो हसत होते. आमचे हवालदार सगळ्यात मोठ्याने हसत होते. पंचांपैकी एकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुकानदारही तोंडावर हात घेऊन हसत होता.

"बरं, सापडली तर ओळखशील कशी?"

"मी कशाला ओळखू? ती मला ओळखते की."

माझ्या दंडाला कुणीतरी घट्ट धरलं. पाहिलं तर काका. ते टीव्हीकडे बघतच नव्हते, बाकावर बसलेल्या त्या तरुणाकडे बघत होते. मीही तिकडे पाहिलं. तो मान खाली घालून हसत होता आणि त्याचे ओठ हलत होते. पडद्यावरच्या आवाजाच्या आधी, अगदी क्षणभर आधी, तो पुटपुटला, "मग तिलाच पाठव फिर्याद द्यायला."

लगेच पडद्यावरून तेच वाक्य आलं आणि खोलीत हास्याचा स्फोट झाला. फक्त आम्ही तिघं हसलो नाही. काका, मी, आणि तो तरुण, कारण त्याने मान वर केली तेव्हा त्याला दिसलं की आम्ही दोघं त्याच्याकडेच पाहतोय.

नकला करणाऱ्या माणसाचं लक्ष नेहमी समोरच्या लोकांकडे असतं. कोण पहिल्यांदा ऐकतंय आणि कुणी आधी ऐकलंय, हे त्याला चटकन कळतं. काकांची ती सवय आवाजाबरोबर गेली नव्हती.

मी टीव्ही बंद करायला लावला आणि त्याला माझ्या खोलीत नेलं. चोरीबद्दल काहीच विचारलं नाही.

"ही शेळीची नक्कल कुठे ऐकलीस?"

"टीव्हीवर लागते साहेब."

"हा माणूस टीव्हीवर कधी आला नाही. जगात याच्या दोनच डिस्क आहेत. एक माझ्याकडे आहे."

तो नखं खाऊ लागला. दारात काका उभे होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, गळ्यातल्या रुमालाकडे पाहिलं.

"काका बोलत का नाहीत?" त्याने मला विचारलं.

"त्यांचा आवाज गेलाय. ऑपरेशनमध्ये. त्या डिस्कमध्ये आहे तेवढाच शिल्लक आहे."

"मेरेको मालूम नहीं था साहेब," तो हळूच म्हणाला. मग सगळं सांगितलं. बंद घर पाहून आत शिरला, हाताला लागेल ते पिशवीत भरलं. प्लेअर घरी नेऊन चालतो का ते पाहायला लावला, तर आत ही डिस्क. त्याची आई गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नसे. ती ते बघून इतकी हसली की शेजारणींना बोलावून आणलं. एक-दोन दिवस त्यांच्या खोलीत बायकांची गर्दी होती. मग पैशांची गरज पडली, त्याने प्लेअर विकला, पण डिस्क काढून ठेवली. आई म्हणाली, शेजाऱ्यांच्या प्लेअरवर लाव. तिथे चालेना. अजून दोन घरी लावून पाहिली, चालेना. आईने रोजच धोशा लावला, तो शेळीवाला लाव.

"म्हणून परत आणायला गेलास?"

"हो साहेब. शेठने दिला असता तर तुमच्या हातात नसतो लागलो."

"डिस्क कुठे आहे?"

"घरी. आईच्या उशीखाली. फेकली नाही साहेब. असली चीज फेकतात काय?"

पंचांसमोर त्याचं निवेदन नोंदवून आम्ही अंबरनाथला गेलो. इस्त्री, कुकर आणि घड्याळ पेटीत मिळालं. डिस्क त्याच्या आईने स्वतः उशीखालून काढून दिली, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. नुसत्या ओठ हलवण्यावर कोर्टात खटला उभा राहत नाही. या जप्तीवर उभा राहिला. हे पाहून दुकानदारालाही सगळं आठवलं, आणि चोरीचा माल घेतल्याबद्दल त्याच्यावरही कारवाई झाली.

फिर्यादीला मुद्देमाल परत मिळण्यासाठी कोर्टाचा हुकूम लागतो. काकूंनी अर्ज केला, सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, प्लेअर ताब्यात मिळाला, आणि त्याच रविवारी फोटोग्राफर शिरगावात त्यांच्या घरी आपलं मशीन घेऊन गेला. मीही गेलो होतो, आणि बायकोलाही नेलं होतं, कारण तिने हट्टच धरला होता. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी जोडल्या. प्लेअरने एकदा कुरकुर केली तेव्हा काकांनी पुन्हा त्याला हात जोडले. मग कार्यक्रम सुरू झाला आणि शेवटच्या टाळ्यांपर्यंत न अडता चालला. फोटोग्राफरने नव्या डिस्क सावकाश वेगाने लिहिल्या, प्रत्येक डिस्क शेवटी बंद केली, वर कागद न चिकटवता पेनाने नाव लिहिलं. पहिली डिस्क शेजारच्या प्लेअरवर लावून पाहिली. चालली. एका पोराला डिस्क देऊन अंबरनाथला बहिणीकडे पाठवलं, तिचा फोन आला. चालली. तेव्हा कुठे काकूंनी आम्हाला जेवायला वाढलं.

त्या डिस्क नातेवाइकांत वाटताना काकांनी एक बाजूला काढून ठेवली. काकूंनी विचारलं, ही कुणाची? काकांनी गुडघ्यावर हात ठेवून म्हाताऱ्या बाईसारखं लंगडत चालून दाखवलं.

काकूंच्या ध्यानात आलं. "चोराच्या आईला?"

काकांनी मान हलवली.

"घर फोडलं त्यांनी आपलं. आणि तुम्ही भेट पाठवणार?"

काकांनी ओठांनी एकच शब्द सावकाश उच्चारला. काकूंनी तो आमच्यासाठी मोठ्याने म्हणून दाखवला. "प्रेक्षक आहे म्हणतात."

मग त्या थोडा वेळ धुसफुसल्या आणि शेवटी म्हणाल्या, "डिस्क द्या. प्लेअर मात्र देऊ नका हं."

ती डिस्क मीच अंबरनाथला पोचवली. कोर्टात त्या तरुणाने गुन्हा कबूल केला, थोडी शिक्षा भोगली. सुटल्यावर तो पुन्हा केबलच्याच कामाला लागला. मी त्या भागात असेपर्यंत तरी त्याच्या नावाने दुसरी तक्रार आली नाही.

नोकरीत पुढे या प्रकरणाचा मला एक उपयोग झाला. चोरीची फिर्याद घेताना आम्ही गेलेल्या मालाची यादी करतो, वर्णन लिहितो, पण त्यातलं त्या माणसाला काय हवं आहे हे विचारत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक फिर्यादीला विचारू लागलो की यातली एकच वस्तू परत मिळणार असेल तर कुठली मागाल? कुणी सोन्याच्या साखळीऐवजी मुलाचे शाळेचे दाखले मागितले, कुणी कपाट फोडलं असताना सासूबाईंचा अडकित्ता मागितला. त्या उत्तरावरून घराची खरी ओळख होते, आणि कितीतरी वेळा चोर कुठे शोधायचा हेही कळतं. नव्याने भरती झालेल्या फौजदारांना मी हे आवर्जून सांगत आलो.

पुढच्या जयंतीला वसाहतीतून मला बोलावणं आलं. बुद्धविहाराच्या अंगणात पुढच्या रांगेत मला आणि आमच्या हवालदारांना खुर्च्या ठेवल्या होत्या. भाषणं झाली. मग दिवे थोडे मंद केले आणि लाउडस्पीकरवर डिस्क लावली. काकांचा आवाज आला, "मंडळी, आता ऐका," आणि स्टेजवर स्वतः काका आले. आवाज डिस्कचा आणि हातवारे, चेहरा, चाल त्यांची. एकाही शब्दाला ओठ चुकत नव्हते. हवालदाराची पाळी आली तेव्हा त्यांनी पट्टा वर ओढला, मान तिरकी केली, दोन बोटांनी मिशी सारखी केली. जुन्या कार्यक्रमात ही लकब नव्हती. सगळं अंगण आमच्या हवालदारांकडे वळून हसायला लागलं. हवालदार आधी लाजले, मग उठून उभे राहिले आणि त्यांनी स्टेजकडे बघून कडक सॅल्यूट ठोकला. काकांनीही स्टेजवरून तसाच सॅल्यूट परत केला, आणि तेवढ्यात डिस्कमधला आवाज त्यांना सोडून पुढच्या वाक्यावर निघून गेला. काका तोंडावर हात ठेवून खांदे हलवत हसत उभे राहिले, आणि पुढचं वाक्य अंगणातल्या लोकांनीच एका सुरात म्हटलं.